हमीपत्रावर थांबू नका: ठरलेला बालविवाह रोखताना आणि रोखल्यानंतर

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे फोन सुरू होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, कुठल्याही गावाच्या पारावर जा, बोलणं एकच: यंदा कोयते किती भरले? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचलही अर्धी. मग ज्या घरात वीस वर्षांचा पोरगा आहे तिथं सोयरिकीची घाई होते, आणि ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांची पोरगी आहे तिथं पाहुणे येऊन बसतात.

मी याच पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि गावाच्या बाल संरक्षण समितीत काम करते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शंभरात सुमारे २२ निघाल्या. बीडमध्ये हा आकडा ४४ च्या आसपास होता, परभणीत ४८. म्हणजे आमच्या वर्गातल्या जवळजवळ निम्म्या बाकांचा हा प्रश्न आहे.

एका आईचं बोलणं आधी सांगते, कारण पुढची सगळी कामं तिच्या प्रश्नाभोवतीच फिरतात. मी लग्न थांबवा म्हणायला गेले होते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मॅडम, संगं नेली तर आम्ही दिसभर फडात अन् ती कोपीत एकली. गावात ठिवली तर म्हातारीच्या भरवशावर. तुमीच सांगा, कुठं ठिवू?" फड म्हणजे तोडीचं उसाचं रान, कोपी म्हणजे तिथली मजुरांची झोपडी. मला उत्तर देता आलं नाही. लग्न त्या दिवशी थांबलं. पोलीस आले, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं बापाचं हमीपत्र शंभराच्या स्टँपवर झालं, सगळ्यांनी चहा घेतला आणि गाड्या गेल्या. बाराव्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात, मामाच्या वस्तीवर, पहाटे चार वाजता त्या पोरीचं लग्न लागलं. माझ्या हजेरीपत्रकात पुढं दीड महिना मी तिच्या नावापुढं गैरहजर लिहीत राहिले.

त्यामुळे लग्न थांबवणं हा या लेखाचा अर्धाच भाग आहे. थांबल्यानंतर पोरगी कुठं राहणार, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार आणि तो आदेश कुठल्या कागदावर येणार, ते मी जास्त सविस्तर लिहिलं आहे.

आधी वयाचा कागद

बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ प्रमाणे मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर तो बालविवाह. दोघांपैकी एक जरी कमी वयाचा असला तरी. लग्नाच्या ठिकाणी पहिला वाद वयावरच होतो. घरचे आधार कार्ड पुढं करतात, आणि त्यावरची जन्मतारीख कधी कधी महिनाभरापूर्वीच बदलून आणलेली असते. गोंधळून जाऊ नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार या क्रमात कुठंच नाही.

म्हणून शाळेतून मुलीचा निर्गम उतारा काढा, म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या तिच्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत. मुलगी गेल्या वर्षी शाळा सोडून गेली असली तरी तो मिळतो. मुख्याध्यापकांनी हा उतारा द्यायला वेळ लावू नये. माझ्या अनुभवात लग्न थांबवणाऱ्या पथकाच्या हातात हा एक कागद असला की अर्धी हुज्जत तिथंच मिटते.

फोन कुणाला, आणि काय सांगायचं

१०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन. चोवीस तास, मोफत, देशात कुठूनही लागते. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडलेली आहे. लग्न तासा-दोन तासांवर असेल तर सरळ ११२. फोन करताना स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. गावात राहायचं आहे, भावकीत तोंड दाखवायचं आहे, हे मला ठाऊक आहे. नाव न सांगता केलेला फोनही फोनच असतो.

"आमच्या गावात बालविवाह आहे" एवढंच सांगितलं तर पथक पोचेपर्यंत मांडव रिकामा होतो. सांगायचं ते असं: मुलीचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि इयत्ता. लग्नाची तारीख आणि वेळ. जागा नेमकी, म्हणजे गाव, शिवार, वस्ती, जवळची खूण ("मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीजवळ"). नवरदेवाचं गाव. आणि सहसा सगळे विसरतात ती गोष्ट: मुलीच्या मामाचं, आत्याचं, मावशीचं गाव. इथं थांबवलेलं लग्न तिकडंच लागतं, म्हणून ती गावं पहिल्याच फोनमध्ये लिहून घ्यायला लावा. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक वेळेसह वहीत टिपा.

फोनसोबत लेखी कळवायचं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक, ज्यांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्या मदतीला अंगणवाडी सेविका. शहरात हे काम बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं असतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारीही नेमलेला असतो, ठाण्यात गेलात तर त्यांचंच नाव विचारा. अर्ज दोन ओळींचा असला तरी चालतो:

"मौजे अमुक येथील इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, शाळेच्या नोंदीनुसार वय १४ वर्षे ३ महिने, हिचा विवाह दि. अमुक रोजी अमुक ठिकाणी होणार असल्याचे समजते. निर्गम उतारा सोबत जोडला आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ नुसार तातडीने कार्यवाही व्हावी."

हाच मजकूर जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला व्हॉट्सअॅपवरही पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. पण गावाच्या ग्रुपवर मुलीचं नाव किंवा फोटो टाकू नका, मांडवात व्हिडिओ काढू नका. अशा मुलीची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिला उद्या त्याच शाळेत यायचं आहे.

मांडवात

पथकासोबत जायची वेळ आली तर एक गोष्ट नक्की करा: मुलीशी बाईमाणसानं एकटीनं, आतल्या खोलीत, दार लोटून बोलावं. चुलत्या-मावश्यांच्या घोळक्यात ती "माझ्या मर्जीनं" असंच म्हणणार. मी तिला "लग्न करायचं का" असं विचारतच नाही. "शाळेत येशील का? आज रात्री घरी राहायला भीती वाटते का? तुला कुणी मारेल का?" असं विचारते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला आज घरी ठेवायचं की नाही ते ठरवतं.

मोठ्यांना शिक्षा सांगायची, पण धमकीच्या सुरात नको. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे लागतं ते अठराच्या वरच्या नवरदेवाला, लग्न लावणाऱ्याला, लावून देणाऱ्या आईबापांना आणि त्यात सामील होणाऱ्यांनाही. आई-बहिणींना दंड होतो, कैद होत नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मंडपवाला, आचारी, भटजी यांना आधी कळलं तर ते स्वतःच अंग काढून घेतात, म्हणून आमच्या समितीनं हंगामाआधी गावातल्या सगळ्या मंडपवाल्यांना हे समजावून सांगितलं आहे. त्यांनी ऐकलं, आणि नंतर एका लग्नाची खबर त्यांच्यापैकीच एकानं दिली.

हमीपत्राच्या पुढं दोन कागद

आता मी ज्यासाठी लिहायला बसले तिथं आले. हमीपत्र घ्यावं, पण त्यावर थांबू नये. हमीपत्र मोडलं म्हणून बाराव्या दिवशीचं लग्न आपोआप रद्द होत नाही. दोन कागदांना मात्र खरी ताकद आहे.

पहिला, बालकल्याण समितीचा आदेश. लग्नाच्या वयाआधी जिचं लग्न लावलं जाण्याची भीती आहे अशी मुलगी कायद्यानं 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते. तिला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं हजर करायचं असतं. पोलीस, ग्रामसेवक, सामाजिक कार्यकर्ता, हेल्पलाइनचे लोक, कुणीही करू शकतं, मुलगी स्वतःही जाऊ शकते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समिती मुलीचं ऐकते, घरची चौकशी करायला सांगते, आणि मग तिला देखरेखीच्या अटीवर आईबापांकडं, किंवा विश्वासाच्या नातेवाइकाकडं, किंवा गरज पडली तर बालगृहात ठेवायचा आदेश देते. आईबापांना मी आधीच सांगते की समिती म्हणजे तुमची पोरगी हिसकावून नेणारी कचेरी नाही, बहुतेक वेळा ती घरीच येते. आदेशात "दर महिन्याला मुलीसह हजर राहावे" आणि "शाळेत उपस्थिती ठेवावी" या दोन ओळी घालायला समितीला विनंती करा. त्या आल्या की गृहभेट घेणाऱ्याला दारात उभं राहायचा हक्क मिळतो.

दुसरा, न्यायालयाचा मनाई हुकूम, २००६ च्या कायद्याचं कलम १३. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडं ग्रामसेवक अर्ज करू शकतात, आणि ज्याला खात्रीची माहिती आहे असा कुणीही माणूस करू शकतो. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देता तात्पुरता हुकूम मिळतो. या हुकमानंतर कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही मामाच्या वस्तीवर लग्न लावलं तरी ते कलम १४ प्रमाणे मुळातच रद्द धरलं जातं, आणि हुकूम मोडणाऱ्याला वेगळी शिक्षा. त्या पोरीच्या वेळी मला हे कलम माहीत असतं तर!

वकिलाचा खर्च करावा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बायकांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात प्राधिकरण. हेल्पलाइन १५१००. अर्ज साध्या कागदावर, सोबत निर्गम उतारा आणि आधी दिलेल्या तक्रारीची पोच.

अक्षय तृतीयेसारख्या मुहूर्तावर एकाच वेळी अनेक लग्नं असतात. अशा दिवसांत खुद्द जिल्हाधिकाऱ्यांनाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानलं जातं. सामुदायिक विवाहाच्या यादीतलं एखादं नाव शंकास्पद वाटलं तर मुहूर्ताच्या चार दिवस आधी तहसीलमार्फत तिथंच कळवा.

"कुठं ठिवू?"

आता त्या आईचं उत्तर. तिला दाखवायला जागा असली पाहिजे, आणि ती जागा टोळी हलायच्या आधी ठरली पाहिजे.

लहान मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह: आईबाप तोडीला गेले की मूल आजी-चुलत्यांकडं राहतं आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होते. त्यासाठी स्थलांतराचा सर्व्हे करून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव वेळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जावा लागतो. टोळ्या गेल्यावर ठराव केला तर हंगाम संपतो आणि मंजुरी येते. सप्टेंबरातच मागे लागा.

तेरा ते सतराच्या मुलींसाठी मात्र रात्री राहायची सोय असलेली जागाच हवी. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, समाजकल्याणचं मुलींचं शासकीय वसतिगृह, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी असलेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. शेवटच्या योजनेसाठी आईबाप ऊसतोड कामगार असल्याची नोंद लागते. ती नसेल तर ग्रामपंचायतीतून ओळखपत्राचं काम आधी उरका. मी आईला सोबत घेऊन वसतिगृह दाखवून आणते. दाराला कडी आहे का, रात्री कोण बाई असते, संडास कुठं आहे, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. तिच्या मनातली भीती तिथंच उतरते, माझ्या भाषणानं नाही.

मूल सोबत जाणारच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड द्या. दाखला नाही म्हणून तिकडच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आणि आईबापांना १०९८ पाठ करायला लावा, कारखाना सांगलीचा असो की कर्नाटकातला, नंबर तोच.

पैशाची बाजूही बघा. आई किंवा वडील गेले असतील, घरात कुणी दुर्धर आजारानं अंथरुणाला असेल, बाप सोडून गेला असेल, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागं महिन्याला २,२५० रुपये अठरा वर्षांपर्यंत मिळतात. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांत ही योजना मी सर्वात आधी सांगते, कारण तिथं मोठ्या पोरीचं लग्न लगेच उरकायचा विचार सुरू होतो. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, पासबुक आणि दारापुढं काढलेला मुलाचा पालकांसह फोटो तयार ठेवा. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. कुठल्या योजनेत बसतं ते बाल संरक्षण कक्षात एकदाच विचारून घ्या आणि दलालाच्या हातात कागद देऊ नका.

लग्न आधीच झालं असेल तर

तरीही दार बंद झालेलं नसतं. मुलीला हे लग्न रद्द करून मागता येतं आणि ती मुदत तिच्या विसाव्या वाढदिवसापर्यंत असते. ती अजून अठराच्या आत असेल तर पालक किंवा हितचिंतक, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत, जिल्हा न्यायालयात अर्ज करतात. पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते, नवरा स्वतः अल्पवयीन असेल तर त्याच्या आईबापांकडून. मूल झालं असेल तर ते कायद्यानं औरसच. फसवून, जबरदस्तीनं किंवा विकून लावलेलं लग्न तर कलम १२ प्रमाणे मुळातच रद्द असतं.

अठराच्या आतल्या बायकोशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०१७ ला हे ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसंच आहे. शिवाय पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. दवाखान्यात गर्भवती मुलगी आली की पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. याच भीतीनं सासरचे मुलीला दवाखान्यात नेतच नाहीत, आणि घरातच बाळंतपण करू पाहतात. हे कधीही होऊ देऊ नका, तिचा जीव आधी. अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायद्यानं करता येतो, पालकाच्या संमतीनं. मुलीनं किंवा पालकानं विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं आहे. अत्याचार झालेल्या मुलीवर प्रथमोपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांना बंधनकारक आहे.

जबाब द्यायची वेळ आली तर मुलीला ठाण्यात बोलावण्याची गरज नाही. तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता जबाब घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवताच येत नाही. समितीकडून तिच्यासाठी सोबतीची व्यक्ती नेमून घ्या, म्हणजे कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तिच्याजवळ ओळखीचं माणूस असतं. नुकसानभरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा.

मारहाण होत असेल, मग ती मुलीला असो की तिच्या आईला, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन आणि जिल्ह्याच्या सखी केंद्रात आसरा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा अशा वेळी लागतो, तालुक्याचे संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतात.

पोलिसांनी घेतलं नाही तर

"तुमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) नोंदवावी लागते, प्रत मोफत मिळते. तरी टाळलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी, रजिस्टर पोस्टानं, पोच जपून. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज, विधी सेवेच्या वकिलामार्फत. भांडू नका, तारीख-वेळ-नाव लिहीत जा. माझ्या वहीतल्या अशा नोंदींनीच एकदा एक थांबलेलं काम हललं.

त्या वहीबद्दल शेवटचं. दोनशे पानी, मागच्या बाजूनं. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलीची एक ओळ: आईबाप कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, ती कुणाकडं राहते, त्या घरातल्या बाईचा फोन, मामाचं गाव. दर सोमवारी जी मुलगी तीन दिवस गैरहजर दिसते तिच्या घरी त्याच दिवशी संध्याकाळी जायचं. पाडव्याच्या आसपास टोळ्या परत येतात, तेव्हा प्रत्येक ओळीपुढं खूण करते. गेल्या पाडव्याला एका ओळीपुढं खूण राहिली होती. मी घरी गेले तर ती वसतिगृहातून आईला भेटायला आलेली, दारातच बसून आईच्या तळहाताच्या भेगांना तेल लावत होती. नववीचा निकाल मला तिनंच सांगितला.